इंग्रजी शिकताना कवितेची जागा : एक आढावा

महाराष्ट्राच्या बारावीसाठी 2020 साली आलेल्या युवकभारतीच्या इंग्रजी पुस्तकात आठ कविता आहेत. वॉल्ट व्हिटमन, सरोजिनी नायडू, रॉबर्ट साउदी, एडगर गेस्ट, दिलीप चित्रे, डब्ल्यू. एच. डेव्हिस, लॉर्ड बायरन आणि अरुणाचलच्या ममंग दाई. कला, विज्ञान, वाणिज्य या सगळ्या शाखांची मुले त्या वाचतात. अभियांत्रिकीच्या प्रवेशासाठी धडपडणारी मुलगी बायरन वाचते आणि बँकेच्या परीक्षांकडे डोळे लावून बसलेला मुलगा साउदी वाचतो. या मुलांच्या पालकांना मुलांनी चांगले इंग्रजी बोलावे, मुलाखतीत अडखळू नये, एवढेच हवे असते. मग अभ्यासक्रमात कविता कशासाठी? तिच्यामुळे भाषा येते, की भाषा आल्यावरच ती वाचता येते? आणि परक्या भाषेतल्या कवितेचा आनंद वर्गात देता येतो का?

हा वाद आपल्याकडे दीडशे वर्षांहून अधिक काळ चालू आहे. त्यातल्या बाजू बदलल्या, शब्द बदलले, मूळ प्रश्न मात्र फारसा हललेला नाही.

वाद कुठून सुरू झाला

इंग्रजी साहित्य हा विषय इंग्लंडमध्येही जुना नाही. लंडनच्या नव्या विद्यापीठीय महाविद्यालयात इंग्रजीचा प्राध्यापक 1828 साली नेमला गेला आणि ऑक्सफर्डमध्ये इंग्रजीची स्वतंत्र शाखा 1894 साली सुरू झाली. तिथे अभिजात म्हणजे ग्रीक आणि लॅटिन, हाच समज दृढ होता. भारतात मात्र कंपनीच्या राज्यात, 1813 च्या सनदी कायद्यानंतर, इंग्रजी साहित्याला शिक्षणात जागा मिळू लागली. गौरी विश्वनाथन यांनी 1989 च्या ‘मास्क्स ऑफ कॉन्क्वेस्ट’ या पुस्तकात हा क्रम उलगडून दाखवला. धर्मप्रसार उघडपणे करता येत नव्हता, म्हणून नीतिशिक्षणाचे काम साहित्याकडे सोपवले गेले, असे त्यांचे प्रतिपादन आहे. मेकॉलेचे टिपण 1835 चे, मुंबई विद्यापीठ 1857 चे. कवितेचा वर्ग या सगळ्याच्या आत घडत गेला.

पुण्यामुंबईत त्याला एक वेगळाच रंग होता. पुढे ‘द लाइट ऑफ एशिया’ लिहिणारा एडविन अर्नोल्ड 1857 च्या सुमारास पुण्याच्या संस्कृत कॉलेजचा, म्हणजे नंतरच्या डेक्कन कॉलेजचा, प्राचार्य होता. कवी वर्ड्‌स्वर्थचा नातू, त्याचेही नाव विल्यम वर्ड्‌स्वर्थ, आधी डेक्कन आणि मग एल्फिन्स्टन कॉलेजात प्राचार्य झाला. इंग्रजी कवितेच्या घरातली माणसेच इथल्या मुलांना शिकवत होती. पाल्ग्रेव्हचा ‘गोल्डन ट्रेझरी’ हा काव्यसंग्रह 1861 साली निघाला आणि पुढच्या कितीतरी पिढ्यांचे इंग्रजी कवितेचे जग त्याच्या पानांवर उभे राहिले.

या शिक्षणाचे फळ मराठीत दिसले. आगरकरांनी ‘हॅम्लेट’चे ‘विकारविलसित’ 1883 साली प्रसिद्ध केले. केशवसुतांनी इंग्रजी कविता मराठीत आणल्या, चौदा ओळींचा सुनीत हा प्रकार रुजवला आणि कवीने स्वतःच्या मनाबद्दल स्वतःच्या नावाने बोलायचे असते, हे धाडस मराठी कवितेला दिले. इंग्रजी कविता वाचून आनंद झालेल्या माणसाने तो आनंद आपल्या भाषेत आणला, याचे यापेक्षा ठळक उदाहरण क्वचितच सापडेल.

याच काळातला दुसरा धागा आढाव्यांतून अनेकदा निसटतो. सावित्रीबाई फुल्यांचा ‘काव्यफुले’ हा संग्रह 1854 चा, म्हणजे मुंबई विद्यापीठाच्याही आधीचा. इंग्रजी शिका, ती शूद्रातिशूद्रांना तारणारी आहे, असे सावित्रीबाईंनी मराठी कवितेतून सांगितले. कॉलेजातल्या तरुणाला इंग्रजी कवितेत नवा कवी दिसत होता आणि सावित्रीबाईंना इंग्रजी भाषेत गुलामीतून सुटका दिसत होती. आजच्या वादातली मोठी दरी इथेच सुरू होते.

उपयोगाचा काळ

विसाव्या शतकात इंग्रजी शिकणारे वाढले, तसा कवितेवरचा विश्वास कमी झाला. ढाक्यात काम करणाऱ्या मायकेल वेस्ट यांनी 1926 च्या आपल्या ग्रंथात बंगालमधल्या मुलांच्या गरजेचा हिशोब मांडला. बहुतेक मुले शाळा अर्ध्यावर सोडतात, म्हणून जे शिकवायचे ते लगेच कामी पडले पाहिजे, आणि सोप्या शब्दांतले भरपूर वाचन सर्वांत आधी कामी पडते, असे त्यांचे म्हणणे होते. त्यातून मोजक्या शब्दसंख्येची वाचनपुस्तके आली.

केंब्रिजच्या आय. ए. रिचर्ड्‌स यांच्या कामात हा पेच एकाच माणसाच्या पोटात दिसतो. त्यांनी विद्यार्थ्यांना कवींची नावे काढून कविता वाचायला दिल्या, त्यांची मते लिहून घेतली आणि 1929 साली ‘प्रॅक्टिकल क्रिटिसिझम’ लिहिले. ज्यांची मातृभाषा इंग्रजी, जे देशातल्या उत्तम विद्यापीठात शिकतात, त्यांनाही कवितेचा साधा अर्थ लागत नाही, हे त्यात उघड झाले. हेच रिचर्ड्‌स सी. के. ऑग्डन यांच्यासोबत 850 शब्दांच्या ‘बेसिक इंग्लिश’चे पुरस्कर्ते झाले. भाषेचा सगळ्यात गुंतागुंतीचा आणि सगळ्यात सुटसुटीत, अशा दोन्ही वापरांशी एकच माणूस झुंजत होता. कविता अवघड असते ती परक्यालाच, हा आपल्याकडचा समज या पुस्तकाने मोडायला हवा होता. तो अजून मोडलेला नाही.

स्वातंत्र्यानंतर वाक्यरचनांच्या तक्त्यांवर आधारलेली पद्धत शाळांत आली. कोठारी आयोगाने (1964–66) इंग्रजीला ग्रंथालयीन भाषा म्हटले, म्हणजे ज्ञान मिळवण्याचे साधन. महाराष्ट्रातल्या मराठी शाळांत इंग्रजी बराच काळ पाचवीपासून होते, ते 2000 साली पहिलीपासून आले. त्यानंतर सेमी-इंग्रजी वर्ग वाढले आणि महाविद्यालयांत संभाषणकौशल्याच्या तासिका आल्या. कविता पुस्तकात राहिली, पण तिच्याकडे पाहण्याची नजर बदलली.

आजच्या भूमिका

एक भूमिका सरळ आहे. वेळ थोडा आहे, वर्गात साठ मुले आहेत आणि अनेकांच्या घरी इंग्रजीचा एक शब्दही कानावर पडत नाही. अशा मुलांना आधी अर्ज लिहिता यावा, सूचना समजाव्यात, चार वाक्ये न घाबरता बोलता यावीत. कवितेत शब्दांचा क्रम उलटा असतो, जुने शब्द असतात, व्याकरण मोडलेले असते. जे अजून नीट बसलेले नाही त्यात ती गोंधळ घालते. ग्रामीण भागातले अनेक शिक्षक हे मनापासून सांगतात आणि त्यांच्या अनुभवाला वजन आहे. एन. एस. प्रभू यांनी 1979 ते 1984 या काळात दक्षिण भारतातल्या काही शाळांत केलेल्या प्रयोगातही मुलांना नकाशे, वेळापत्रके, हिशोब अशी कामे दिली होती. काम सोडवताना मुलांचे लक्ष अर्थावर असते आणि भाषा मागोमाग येते, हा त्यांचा सिद्धांत जगभर चर्चिला गेला. तिथे कवितेवाचून काही अडले नव्हते.

दुसरी भूमिका 1975 नंतर पुढे आली. एच. जी. विडोसन यांनी त्या वर्षी साहित्य आणि भाषाशिक्षण यांतली भिंत पाडायचा प्रयत्न केला. कविता नेहमीच्या भाषेपासून कुठे आणि का वेगळी वागते, हे शोधताना नेहमीची भाषाच अधिक स्पष्ट होते, असे त्यांनी दाखवले. ॲलन मेली आणि ॲलन डफ यांनी 1989 च्या ‘द इनवर्ड इअर’मध्ये वर्गात कविता वाचायच्या आणि लिहायच्याही कृती दिल्या. गाय कुक यांनी 2000 साली आणखी पुढचा मुद्दा मांडला. मुले भाषेशी खेळतात, निरर्थक यमके जुळवतात, बडबडगीते घोकतात. हा खेळ भाषा शिकण्याचाच भाग आहे. ज्याने लहान मुलाला एकच ओळ पुन्हा पुन्हा म्हणताना पाहिले आहे, त्याला हे वेगळे पटवून द्यावे लागत नाही.

तिसरी भूमिका संस्कृतीच्या बाजूने प्रश्न विचारते. भालचंद्र नेमाडे इंग्रजीचे प्राध्यापक होते आणि मराठीवरच्या इंग्रजीच्या प्रभावाचा त्यांनी ग्रंथरूपाने अभ्यास केला. साहित्य आपल्या भूमीतून उगवते, हे त्यांच्या देशीवादाचे सूत्र. त्या अंगाने पाहिले तर डॅफोडिलचे फूल न पाहिलेल्या मुलाने वर्ड्‌स्वर्थच्या डॅफोडिलवरच्या कवितेने भारावून जावे, ही अपेक्षाच कृत्रिम ठरते. गणेश देवी यांनी ‘आफ्टर ॲम्नेशिया’ (1992) मध्ये आपल्या भाषांतल्या समीक्षापरंपरेचा विसर पडल्याचे दुखणे मांडले. या टीकेचा रोख इंग्रजी शिकण्यावर नाही. इंग्रजी कविता हीच कवितेची मोजपट्टी मानण्यावर आहे, हे लक्षात घेतले नाही तर तिच्यावर अन्याय होतो.

चौथी भूमिका सावित्रीबाईंच्या धाग्याची. उत्तर प्रदेशातल्या बांका गावात 2010 साली चंद्रभान प्रसाद यांच्या पुढाकाराने इंग्रजी देवीच्या मंदिराचे काम सुरू झाले, ही बातमी तेव्हा खूप गाजली. ज्यांना संस्कृत आणि शिष्ट मराठी दोन्ही नाकारली गेली, त्यांना इंग्रजी परकी वाटत नाही, ती हक्काची वाटते. या भूमिकेतून कवितेबद्दल थेट फार बोलले गेलेले नाही. पण तिच्यातून एक टोकदार प्रश्न निघतो : सधन घरांतल्या मुलांना कविता आणि बाकीच्यांना फक्त अर्जलेखन, अशी वाटणी कोणी करायची? उपयोगवाद्यांकडे याचे समाधानकारक उत्तर मला आढळलेले नाही.

कानाचा मुद्दा

या सगळ्या वादात एक गोष्ट फार कमी बोलली जाते, आणि मला ती सर्वांत महत्त्वाची वाटते. ती म्हणजे ऐकणे.

मराठी छंदाचा पाया आपल्या अंगवळणी पडलेला असतो. ओवी-अभंगात अक्षरे मोजतात, ‘मनाचे श्लोक’ भुजंगप्रयातात आहेत आणि तिथे लघु-गुरूचा क्रम ठरलेला आहे. स्वर ऱ्हस्व की दीर्घ, यावर आपले वृत्त चालते. इंग्रजी कवितेचे वृत्त आघातावर चालते. एका ओळीत चार किंवा पाच ठिकाणी जोर पडतो आणि मधली अक्षरे हलकी, जवळजवळ गिळलेली असतात. इंग्रजी बोलणेही असेच चालते. ‘फोटोग्राफ’मध्ये जोर पहिल्या अक्षरावर आहे, ‘फोटोग्राफी’ म्हणताना तो दुसऱ्यावर सरकतो आणि पहिला ‘फो’ पुसट होऊन ‘फ’ होतो. आपण दोन्ही शब्द सारख्याच वजनाने म्हणतो. पुढे परदेशातल्या माणसाशी फोनवर बोलताना तो पुन्हा पुन्हा विचारतो, आणि आपले व्याकरण चुकले असे आपल्याला वाटते. व्याकरण बरोबर असते, जोर चुकलेला असतो.

कविता इथे जे करते ते धड्याला करता येत नाही. प्रत्येक अक्षराला सारखे वजन दिले तर ओळ चालतच नाही; म्हणणाऱ्यालाच ती अडखळल्यासारखी वाटते. बारावीच्या पुस्तकातली साउदीची ‘द इंचकेप रॉक’ घ्या. स्कॉटलंडच्या किनाऱ्याजवळ पाण्याखाली दडलेला खडक, एका मठाधिपतीने त्यावर बांधलेली घंटा, हेव्यापोटी ती घंटा कापून टाकणारा चाचा राल्फ आणि शेवटी त्याच खडकावर आपटणारे त्याचे जहाज. चार-चार ओळींची कडवी, दोन-दोन ओळींचे यमक, ओळीला चार आघात. बोटाने बाकावर चार ठोके धरून ही कविता म्हटली, तर ‘ऑफ’, ‘द’, ‘अँड’ हे शब्द आपोआप हलके होतात आणि घंटा, खडक, लाट, जहाज हे शब्द वर येतात. आघाताचा एकही नियम न सांगता मुलांच्या जिभेला इंग्रजीची चाल कळते. शिवाय गोष्ट अशी की रत्नागिरीच्या किंवा वेंगुर्ल्याच्या मुलाला ती समजावून सांगायला नकोच.

यमकाचाही असाच उपयोग आहे. इंग्रजीत लिखाण आणि उच्चार यांचे किती वाकडे आहे, हे आपण सगळे भोगतो. ‘रफ’, ‘थ्रू’ आणि ‘दो’ या तिन्ही शब्दांच्या शेवटी तीच चार अक्षरे असतात. यमक जुळणाऱ्या ओळींत दुसऱ्या शब्दाचा उच्चार पहिल्यावरून सापडतो. हॉलंडमधल्या हेरार्ट नोल्स्ट ट्रेनिटे नावाच्या शिक्षकाने परक्या विद्यार्थ्यांसाठी असल्या फसव्या शब्दांचीच एक लांबलचक कविता रचली, ‘द केऑस’. ती 1920 साली त्याच्या उच्चारशिक्षणाच्या पुस्तकात छापली गेली आणि आजही इंग्रजी शिकणारे तिच्यावर जीभ घासतात.

याला दुसरी बाजूही आहे. पहिलीपासून इंग्रजी आल्यावर बडबडगीते शाळाशाळांत पोचली, पण आपल्याकडे कविता चालीवर म्हणायची सवय आहे. मुले एका सुरात, टाळ्या वाजवत, मराठी चालीवर इंग्रजी ओळी गातात. वर्ग आनंदात असतो, ही मोठीच गोष्ट. पण चालीमुळे जोर भलत्याच अक्षरावर बसतो आणि तो तसाच पक्का होतो. हे टाळायचे तर शिक्षकाच्या कानावर चांगले वाचन आधी पडायला हवे. त्याची सोय आता आहे. इंग्लंडमध्ये 2005 साली सुरू झालेल्या ‘पोएट्री आर्काइव्ह’मध्ये कवींच्या स्वतःच्या आवाजातले वाचन विनामूल्य ऐकता येते. अमेरिकेतल्या ‘पोएट्री आउट लाउड’ आणि इंग्लंडमधल्या ‘पोएट्री बाय हार्ट’ या शालेय स्पर्धांनी पाठांतराला पुन्हा प्रतिष्ठा दिली. पाठांतर म्हणजे घोकंपट्टी म्हणून आपण ते हिणवत असताना तिकडे ते परत आले, याची नोंद घेतली पाहिजे.

कोणाची कविता

डॅफोडिलचा आक्षेप आता तितका टोकदार राहिलेला नाही, कारण इंग्रजी कविता इथेही लिहिली जाते. मुंबईत निसिम इझिकेल यांनी ती शिकवली आणि लिहिलीही; त्यांची विंचूदंशावरची ‘नाइट ऑफ द स्कॉर्पियन’ इंग्लंडमधल्या माध्यमिक परीक्षेच्या संग्रहातही होती. अरुण कोलटकर मराठी आणि इंग्रजी दोन्हींत लिहीत. त्यांची ‘जेजुरी’ इंग्रजीत 1976 साली पुस्तकरूपाने आली, तिला 1977 चे राष्ट्रकुल काव्य पारितोषिक मिळाले आणि ‘भिजकी वही’ला पुढे साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. दिलीप चित्र्यांनी तुकोबांचे अभंग ‘सेज तुका’मधून इंग्रजीत नेले.

चित्र्यांचीच ‘फादर रिटर्निंग होम’ बारावीच्या पुस्तकात आहे. रात्रीच्या लोकलने भिजलेल्या कपड्यांनी घरी परतणारा, मुलांशी संवाद तुटलेला म्हातारा बाप. डोंबिवलीच्या मुलीला या कवितेत एकही संदर्भ समजावून द्यावा लागत नाही. तिला फक्त भाषा ओलांडायची असते. तरी केवळ इथल्याच कविता ठेवाव्यात, हे मला पटत नाही. अनोळखी किनारा, अनोळखी फूल यांच्याबद्दल कुतूहल वाटणे हाही आनंदच आहे, आणि साउदीचा खडक तो देतो.

परीक्षा आणि अनुत्तरित प्रश्न

वर्गात प्रत्यक्षात काय होते, हे प्रश्नपत्रिका ठरवते. कवितेचे रसग्रहण कवीचे नाव, यमकाची रचना, अलंकार आणि मध्यवर्ती कल्पना अशा ठरलेल्या मुद्द्यांवर लिहायचे असते. गाइडात ते तयार मिळते. कविता एकदाही मोठ्याने न वाचता पूर्ण गुण मिळवता येतात, आणि बहुसंख्य मुले तसेच मिळवतात. शिक्षकांना दोष देण्यात अर्थ नाही. हजारो उत्तरपत्रिका एका मापाने तपासायच्या तर असे मुद्दे सोयीचे पडतात. हा पेच फक्त आपला नाही. करोनाकाळात इंग्लंडच्या परीक्षा नियामकाने 2021 च्या परीक्षेसाठी साहित्याच्या विषयातून शाळांना हवे तर कविता वगळू दिली, शेक्सपिअर मात्र सक्तीचा ठेवला. कवितेच्या मायदेशातही तिची जागा इतकी हलती आहे.

काही प्रश्न खरोखरच मोकळे आहेत. कवितेमुळे भाषा किती वाढते, हे मोजणे अवघड आहे. मोजता येते ती शब्दसंख्या; लय आणि धिटाई सहज मोजता येत नाहीत. मराठीतून अर्थ सांगावा की नाही, यावरही एकमत नाही. तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेवर वाढलेल्या पिढ्यांनी दोन भाषा शेजारी ठेवूनच इंग्रजी मिळवले. नंतरच्या पद्धतींनी मराठीला वर्गाबाहेर काढले. आता 2020 च्या राष्ट्रीय धोरणाने शक्य तिथे किमान पाचवीपर्यंत मातृभाषेतून शिकवण्यावर भर दिल्यामुळे हा प्रश्न पुन्हा समोर आला आहे. माझा कल मराठीकडे आहे. अर्थ मराठीतून दोन मिनिटांत सांगावा आणि उरलेला वेळ इंग्रजी ओळी म्हणण्यात घालवावा. पण प्राथमिक वर्गात हे कितपत चालेल, याबद्दल अनुभवी शिक्षकांचीच मते दुभंगलेली आहेत.

एका बाबतीत मात्र थांबण्याचे कारण नाही. तोंडी परीक्षा आपल्याकडे आहेच. त्यात मुलाने स्वतः निवडलेली एक कविता, आठ ओळींची का असेना, मोठ्याने म्हणावी आणि ती का निवडली ते दोन वाक्यांत सांगावे, यासाठी काही गुण राखून ठेवता येतील. पुस्तक बदलावे लागणार नाही, खर्चही येणार नाही. अभ्यास मंडळांनी एवढे करावे, आणि तोवर शिक्षकांनी आपापल्या वर्गात आठवड्यातली एक तासिका नुसत्या वाचनाला द्यावी.